यानाची वाट पडद्यावर आखावी, पण त्या चित्रावर किती विसंबावं?

कातळवाट, देवगड
शाळेत मुलांना एका सॉफ्टवेअरमध्ये मंगळाचा त्रिमितीय भूभाग पडद्यावर फिरवून दाखवला. उतार मोजा, गाडीला वाट आखा. मुलं रमली, पण माझ्या मनातली शंका जात नाही. त्या चित्रात जमिनीचा आकार असतो, तिचं बळ नसतं. नासाची मंगळावरची गाडी 'स्पिरिट' २००९ च्या मे महिन्यात रुतली ती दरीत नव्हे. वरचा पापुद्रा फुटला, खाली भुसभुशीत वाळू निघाली, गाडी कायमची तिथेच राहिली. आपल्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा सरकतो, मोबाइलच्या नकाशात मात्र नुसतं निळं पाणी. तांडेल काठीने तळ चाचपतो, मगच होडी आत घालतो. यानानेही चार पावलं टाकावीत आणि थांबून बघावं.

बंदरकाठ, मालवण
नाही पटलं. चाचपायला आधी खाडीपर्यंत पोचावं लागतं. चंद्रयान-३ साठी ४ किमी बाय २.४ किमीचा पट्टा निवडला, तो वरून घेतलेल्या छायाचित्रांतून उतार आणि खड्डे तपासूनच. शिवाय तांडेलाच्या हातात सुकाणू असतं. मंगळावर संदेश पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात.

कातळवाट
उतरण्याची जागा निवडण्याबद्दल वाद नाहीच. पण २७ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ च्या प्रज्ञान या गाडीसमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला आणि त्याला माघारी वळवलं. तो धोका जागेवरच कळला ना?

बंदरकाठ
कळला, पण कशाने? प्रज्ञानच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून पृथ्वीवर उंचसखल भागाचा नकाशा बनायचा, तोही जेमतेम ५ मीटरपर्यंतचा, म्हणून एका आज्ञेत तेवढंच अंतर. तुम्ही म्हणता ती चार पावलं असा नकाशा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनेच ठरत होती!

सड्यावरची, राजापूर
बळाचाही थोडा अंदाज वरून येतो. सूर्य मावळल्यावर आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अनवाणी चाला, कातळ बराच वेळ ऊबदार राहतो, पुळणीतली कोरडी वाळू लवकर गार पडते. मंगळाभोवतीची यानं रात्रीचं तापमान मोजतात, त्यावरून खडक कुठे आणि धूळ कुठे हे ओळखता येतं. त्या तापमानाचे रंग त्रिमितीय आकारावर चढवून बघा. पण तापमानाच्या चित्रातला एक ठिपका शंभर मीटरचा असला तर त्यात गाडीएवढा वाळूचा खळगा दिसणार नाही, हेही खरं.

कातळवाट
पाच मीटरचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. माझा आग्रह आता एवढाच: सावलीमुळे जिथे मोजमापच मिळालं नाही, तिथे सॉफ्टवेअरने आजूबाजूच्या उंचीवरून गुळगुळीत जमीन भरू नये. तो भाग कोरा दिसू दे. मुलांनी परवा अशाच भरीव दिसणाऱ्या पट्ट्यातून बिनधास्त वाट काढली.

बंदरकाठ
कोरा ठेवलात तर तिकडे कुणी फिरकणारच नाही. आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ शोधायचा आहे तो त्या सावल्यांतच. मी तिथे अंदाज भरेन, पण वेगळ्या रंगात.