रेडच्या बॉससमोर तुम्ही कोणते सहा उतरवता? (पोकेमॉन गो : अनुभव धागा)

मुठेकाठी
काल माळा आवरताना जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला तर चालू झाला! त्यात एका रेडचा स्क्रीनशॉट निघाला, जून २०१८चा. (न खेळणाऱ्यांसाठी : जिम नावाच्या ठरलेल्या ठिकाणी जमून, प्रत्येकाने आपले सहा पोकेमॉन उतरवून एका दांडग्या बॉस पोकेमॉनला वेळेत हरवायचं, ती रेड.) समोर क्योगर हा पाणीवाला बॉस, त्याच्या जिवाची पट्टी संपलेली आणि घड्याळात ११ सेकंद शिल्लक. बघून पोटात कालवलं.

आम्ही आठजण गणपती मंदिराच्या पारावर छत्र्या धरून उभे होतो. पहिल्यांदा सपाटून हरलो. गेम स्वतःहून जी टीम पुढे करतो तीच सगळ्यांनी घेतली होती : अ‍ॅग्रॉन, ब्लिसी, असले दणकट गडी. ते लवकर आडवे होत नाहीत हे खरं, पण त्यांच्या माराने बॉसची पट्टी हलतही नाही. आणि वेळ फक्त ३०० सेकंद.

तेव्हा आमच्यातली अकरावीतली मुलगी म्हणाली, "काका, पाऊस पडतोय ना? मग गवतवाले नकोत, सगळे वीजवाले घ्या." पाणीवाल्यावर गवत आणि वीज दोन्ही भारी पडतात, पण पावसात विजेला १.२ पट जोर चढतो, गवताला नाही. शिवाय या क्योगरकडे ब्लिझार्ड हा बर्फाचा हल्ला होता, त्यापुढे गवतवाले टिकतच नव्हते. ती एकेकाचा फोन हातात घेऊन टीम लावत फिरली. रायकू, झॅपडॉस, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला जोल्टिऑन, सगळे वीजवाले. त्याच पासवर (रेडच्या तिकिटावर) परत आत शिरलो आणि जिंकलो.

त्या दिवसापासून मी टीम हातानेच लावतो. तुमचे असे अनुभव लिहा ना.

चिऊची_आई
आमच्याकडे बॉस होता टायरॅनिटार. लेक तेव्हा सातवीत. तो रॉक आणि डार्क दोन्ही प्रकारांचा, म्हणून फायटिंगवाल्याचा मार दुप्पट लागतो, हे तिने मला पोळ्या लाटताना समजावलं. म्हणून सहाच्या सहा मचॅम्प, फायटिंगवाले. त्यातले दोन आम्ही एकमेकींशी अदलाबदल करून मिळवले, मचोक ट्रेड केला की पुढची पायरी, म्हणजे मचॅम्प, फुकट मिळते. कुकर झाला, येते नंतर

नागपुरी_संत्रा
दुप्पट नाही हो ताई, गेममध्ये एका कमजोरीला १.६ पट आणि दोन्हीकडून लागली की २.५६ पट. पण सहा मचॅम्प म्हणजे एक नंबर!! मी तर रेक्वेझा बॉससाठी बर्फवाले मॅमोस्वाइन पाळून ठेवले होते, ड्रॅगन अन् फ्लाइंग दोन्हीला बर्फ चालतो

चिऊची_आई
@नागपुरी_संत्रा हो २.५६च, लेकीनेही आत्ता तेच सांगितलं 😄

खाडीपलीकडे
तुम्हा शहरवाल्यांना आठजण मिळायचे. आमच्या गावात खेळणारा मी एकटा, जिम एकच, तोही एसटी स्टँडला. पाच चांदण्यांचा, म्हणजे सगळ्यात अवघडपैकी, बॉस आला की नुसता बघत बसायचो. मग तीन चांदण्यांचे एकट्याने मारायला शिकलो, तिथे १८० सेकंदच मिळतात, म्हणून प्रत्येक गडी जोरकस लागतो. टीम लावायची खरी शिकवण मला त्या एकटेपणाने दिली. २०२०त लांबून रेड खेळायचे रिमोट पास आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा लॉबीत (लढाईआधी जमायच्या जागेत) वीसजण बघितले. खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं. २०२३त दिवसाला पाच रिमोट रेडची मर्यादा आली, ती आमच्यासारख्यांना फार लागली.

मुठेकाठी
@खाडीपलीकडे मित्रा, हे वाचून गलबललं. तुझा गेममधला मित्र-कोड निरोपात पाठव, बुधवारी संध्याकाळी सहाला आम्ही असतोच, बोलावून घेतो.

खाडीपलीकडे
पाठवला 🙏

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मंदिरावरून आठवलं. आमच्या जिमशेजारी मारुतीचं देऊळ, शनिवारी पुजारीकाका आम्हा सगळ्यांना खोबरं द्यायचे. एकदा म्हणाले कोण जिंकलं रे आज. टीमचं विचाराल तर मी मित्राची नक्कल करायचो, त्याच्या मेटाग्रॉसना मीटिऑर मॅश हा खास हल्ला, माझ्यांना नाही, तो ज्या कम्युनिटी डेला (गेमच्या खास दिवशी) मिळत होता तेव्हा मी आजोळी होतो आणि तिथे रेंजच नव्हती. अजून हळहळ वाटते

नागपुरी_संत्रा
@डोंबिवली एलिट टीएम (हवा तो हल्ला शिकवणारी वस्तू) वापर की. मिळतो तो हल्ला.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
एक आहे, जपून ठेवलाय. खर्चावा का?

नागपुरी_संत्रा
बिनधास्त

सांजवेळ
मी खेळत नाही, नवरा खेळतो. पावसात जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतो, पिशवीवरून बोट चालतं का हो नीट? भजी गार होतात तोवर.

चिऊची_आई
@सांजवेळ पातळ पिशवी असेल तर चालतं, पण पाण्याचे थेंब पडले की बोट कुठेही लागतं, चुकवायचं राहून जातं. छत्रीच बरी. भजी कसली?

सांजवेळ
कांद्याची. थोडं तांदळाचं पीठ घालते

मुठेकाठी
त्या मुलीला स्क्रीनशॉट पाठवला. आता बंगळुरूला नोकरी करते. लगेच उत्तर आलं : "काका, तुमच्या रायकूला अजून तोच हल्ला आहे का? बदला तो." बदलायला बसलोय.