मदत हवी आहे: वडिलांना घेऊन फोर्ट पायी बघायचा आहे, रविवारी की इतर दिवशी?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी,

अण्णांना (वय ७४) मुंबईचा फोर्ट दाखवायचा आहे. हाताशी एकच दिवस आहे. आदल्या रात्री डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम, सकाळी लोकलने सीएसएमटी आणि तिथून पायी.

अण्णांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यातही बरीचशी पुलांवर. त्यामुळे कोणत्या गव्हर्नरने काय बांधलं यात त्यांना फारसा रस नाही. दगड कुठल्या खाणीचा, सांधा किती बारीक, दरजा चुन्यात भरल्यात की नंतर कोणी सिमेंट फासलंय, हे मात्र बघितल्याशिवाय ते हलत नाहीत. म्हणूनच गाईडबरोबरची हेरिटेज वॉक नको. गाईड पुढच्या चौकात पोचलेला असतो आणि अण्णा मागच्याच कोपऱ्यावर भिंतीला हात लावून उभे. बाकीची मंडळी घड्याळं बघायला लागतात, मग मला कानकोंडं होतं.

नकाशावर काढलेला मार्ग असा: सीएसएमटी आणि समोरची महापालिका, डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, तिथून डावीकडे वळून सेंट थॉमस कॅथेड्रल, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक (सोसायटीचं ग्रंथालय, जुन्या टाउन हॉलमधलं). मग परत मागे येऊन काळा घोडा, म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि शेवटी ओव्हल मैदान. तीनेक किलोमीटर होईल.

प्रश्न असे:

दिवस कोणता धरू? रविवारी रस्ते मोकळे असतात म्हणतात, पण मग आतून काय काय बघता येईल? अण्णांच्या उजव्या गुडघ्याची कुरकुर आहे. सपाटीला तासभर आरामात चालतात, पायऱ्या मात्र जपून. बसायला आणि बाथरूमला कुठे थांबावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दगडाच्या दृष्टीने काय चुकवू नये? 'इंडो-सारसेनिक शैलीचा उत्तम नमुना' छापाची माहिती नेटवर ढीगभर आहे, तिचा अण्णांना काडीचा उपयोग नाही.

चर्चगेटस्लो

रविवार. डोळे झाकून. सकाळी सातला डी. एन. रोडवर मधोमध उभं राहून माना वर करून बघता येतं. इतर दिवशी असं केलंत तर टॅक्सीवाले आईबाप काढतील. जुन्या इमारतींची खरी मजा पहिल्या मजल्याच्या वर आहे. खाली सगळीकडे दुकानांच्या पाट्या.

पागोळी

मी उलट सांगेन. रविवारी नुसती कवचं बघून याल. एशियाटिक रविवारी बंद. सीएसएमटीतलं छोटं हेरिटेज संग्रहालयही आठवड्याच्या दिवशी दुपारीच उघडं असतं. शिवाय तुम्ही डोंबिवलीहून येणार, म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) गृहीत धरा. जाताना सुटाल, दुपारी परतताना अडकाल.

शनिवार का नाही धरत? हायकोर्ट आणि सरकारी कार्यालयं बंद, त्यामुळे गर्दी निम्मी. एशियाटिक शनिवारी उघडं असतं, तरी निघण्याआधी फोन करून खात्री करा. तिथे दर्शनी पायऱ्या तीस आहेत आणि खड्या आहेत. पण त्या चढून गेलात तर १८३३ सालचा टाउन हॉल आतून बघायला मिळेल. नाना शंकरशेठांचा संगमरवरी पुतळा आहे, नुसता तो बघायला तरी वर जावं. गुडघा नाही म्हणाला तर अण्णांना समोर हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसवा आणि तुम्ही वर जाऊन या. तिथून त्या डोरिक खांबांची रांग अख्खी दिसते.

बाथरूमसाठी म्युझियम किंवा जहांगीर आर्ट गॅलरी. वाटेत दुसरीकडे भरवसा ठेवू नका.

दगडफूल

अण्णांसाठी खास लिहितोय, जरा लांबेल.

मुंबईचा पिवळसर दगड दिसला की लोक सरसकट 'सँडस्टोन' म्हणून मोकळे होतात. फोर्टातला पुष्कळसा पिवळा दगड मालाडच्या खाणींमधला आहे, म्हणजे ज्वालामुखीचाच, वाळूचा नव्हे. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०) हे त्याचं सोपं उदाहरण, फुटपाथवरून हाताच्या अंतरावर. तिथून म्युझियमच्या आवारात गेलात की मालाडचा पिवळट आणि कुर्ल्याचा करडा असे दोन्ही दगड एकाच इमारतीत बघायला मिळतात. नक्षीकामाला मात्र अशा टणक दगडात पाथरवटाची छिन्नी रडते, म्हणून मुंबईत कोरीव कामासाठी पोरबंदरचा चुनखडीचा मऊ दगड भरपूर वापरला गेला. मऊ असल्याने पावसाने आणि धुराने तोच आधी झिजतो. भिंतीच्या पृष्ठभागावर बोट फिरवून नक्षीवर फिरवलं की फरक कळतो, हे अण्णांना सांगायची गरज नाही.

फ्लोरा फाउंटन (१८६४) हा यातला पाहुणा. त्याचा पोर्टलँड दगड थेट इंग्लंडहून आणलेला. वर्षानुवर्षं त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे थर चढवत गेले होते. अलीकडच्या दुरुस्तीत, २०१९ पर्यंत, ते खरवडून काढले, त्यामुळे आता मूळ दगड बघायला मिळतो. मुंबईच्या कोटाचा चर्चगेट हा दरवाजा साधारण याच जागी होता. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथे अर्थातच थांबाल.

पण अण्णा पुलांवरचे आहेत ना? मग तुमच्या यादीत नसलेली एक इमारत घाला: वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, काळा घोड्यालाच. १८६०च्या दशकातली ही इमारत दगडावर उभीच नाही. तिचा सांगाडा लोखंडी आहे. सुटे भाग इंग्लंडात ओतून, बोटीने आणून इथे जोडले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा, आणि हा गडी मूळचा पुलांचा. लंडनमध्ये थेम्सवरचा अल्बर्ट ब्रिज त्याचाच. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, त्यांवरच्या तुळया, भार कसा खाली येतो, सगळं उघडं दिसतं. विटांच्या भिंती फक्त भराव म्हणून. १८९६च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं इथेच दाखवली, म्हणून लोकांना ही इमारत सिनेमासाठी आठवते. पूल बांधणाऱ्याने ती सांगाड्यासाठी बघावी.

एकच काळजी: इमारत पार मोडकळीला आलेली आहे. खालून जाऊ नका, समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघा. एरवीही सांगाडा लांबूनच नीट कळतो. शक्य असल्यास दुर्बीण न्या.

गोदाकाठी

दगडफूल, अण्णांना वाचून दाखवलं. 'बीडाचे खांब आणि दीडशे वर्षं खाऱ्या हवेत? गंज कसा आहे ते बघायला हवं' म्हणाले आणि माझ्याच फोनवर फोटो शोधायला बसले. तेव्हा वॉटसन नक्की.

पागोळी, शनिवार ठरवतेय. सकाळी लवकर बाहेरून फिरणं आणि एशियाटिक उघडल्यावर आत. महापालिकेची इमारत आतून बघायची तर त्यांचीच शनिवार-रविवारची गाईडबरोबरची फेरी घ्यावी लागते असं दिसतंय, म्हणजे ती रद्द. बाहेरून बघू. सीएसएमटी आणि ती, दोन्ही वास्तुविशारद स्टीव्हन्सच्याच ना? समोरासमोर एकाच माणसाच्या दोन इमारती असतील तर अण्णा तिथेच तासभर काढतील.

आणखी एक विचारू का? मूळ कोटाची भिंत कुठे शिल्लक आहे का? इमारतींपेक्षा अण्णांना तिची ओढ जास्त.

दगडफूल

हो, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. सीएसएमटीचं काम १८७८ ते १८८८, महापालिका १८९३. सीएसएमटीवरचे प्राणी-पानं-फुलं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. गेटच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, ते आधी बघा आणि मगच मान वर करा, नाहीतर ते राहूनच जातात.

कोट गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६०च्या दशकात पाडला. सेंट जॉर्ज किल्ल्याचा एक तुकडा मात्र सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ उभा आहे. तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. शनिवारी ते बंद, तेव्हा बाहेरून जेवढं दिसेल तेवढं. स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूने, पी. डिमेलो रोडला बाहेर पडा. सुरुवातच तिथून करा, नाहीतर नंतर उलटं यावं लागेल.

चर्चगेटस्लो

शनिवार तर शनिवार, बहुमताला मान. फक्त म्युझियमच्या आत शिरू नका, तिथे अर्धा दिवस जाईल. आवारातून भिंती बघा आणि ओव्हलवर जा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला तीस-चाळीसच्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. दगडाच्या माणसाला डेको बाजूचं सिमेंट आवडणार नाही, पण पुलांच्या माणसाला आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट) आवडावं.

दमलात तर पायी सीएसएमटी गाठायचा हट्ट नको. हुतात्मा चौकाला आता भुयारी मेट्रो आहे, सीएसएमटी पुढचंच स्टेशन.

आणि हायकोर्टाच्या भिंतीला हात लावायला अण्णांना पाठवू नका. बंदोबस्तावरचे पोलीस आधी त्यांनाच खाणीचं नाव विचारतील.

पागोळी

जेवणाचं कोणी बोललंच नाही! सीएसएमटीसमोर पंचमकडे पुरीभाजी. सकाळी निघतानाच खाऊन घ्या, दुपारी बसायला जागा मिळत नाही.