मदत हवी आहे: एल्बोनंतरच्या पहिल्याच ब्रँचला हवा पुरत नाही

नमस्कार. डक्टिंगच्या (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या) जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मेन डक्ट 600 × 300 मिमी, हवेचा वेग सेकंदाला साधारण 7 मीटर. मध्ये बीम आडवा आला. गोल वळणाला जागा नव्हती, म्हणून काटकोनी एल्बो केला आणि घाईत आत व्हेन (हवेला वळवणारी वाकडी पाती) घातल्या नाहीत. तिथून हातभर पुढे पहिली ब्रँच (फाटा) निघते. तिच्या ग्रिलला जेमतेम निम्मी हवा मिळते, पुढच्या ब्रँच मात्र व्यवस्थित आहेत. डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा आहे. पंख्याचा वेग वाढवला तर फक्त आवाज वाढतो. सगळं काम माझ्या हातचं आहे, त्यामुळे पुन्हा खोलायला तयार आहे. पण आधी कुठे हात घालू?

प्रतिसाद:
ब्रँच वळणाच्या आतल्या अंगाला आहे का? असेल तर बरंचसं कोडं तिथेच सुटतं. काटकोनात वळलेली हवा बाहेरच्या भिंतीला चिकटून धावते आणि आतल्या भिंतीलगत नुसते भोवरे राहतात. तुमची ब्रँच त्या भोवऱ्यांतून हवा ओढू पाहतेय.

दाबाचं नुकसानही थोडं नाही. 7 मीटर वेगाला वेगदाब (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) सुमारे 29 पास्कल. व्हेन नसलेला काटकोनी एल्बो त्याच्या सव्वापटीच्या आसपास दाब खातो, म्हणजे 35 पास्कल. मध्यरेषेची त्रिज्या रुंदीच्या दीडपट ठेवली असती तर 5-6 पास्कलमध्ये भागलं असतं. आता जागा नाही, तर व्हेन घाला. पाती पक्की बसवा आणि त्यांची मागची कड पुढच्या डक्टला समांतर ठेवा. तिरकी बसली तर तीच अडथळा होतात. जमलं तर ब्रँचही पुढे सरकवा.

खोलताच आहात तर कॉलरही (ब्रँच मेन डक्टला जोडणारं तोंड) आतून बघा. कापलेल्या पत्र्याच्या पाकळ्या, लांब स्क्रू, सुटलेलं लायनर (आतलं अस्तर), काहीही प्रवाहात आलेलं असू शकतं. फ्लेक्सिबल (लवचीक) डक्ट लावला असेल तर तो ताणलेला हवा, झोळ नको.

धागाकर्ता:
ब्रँच आतल्याच अंगाला आहे! आज कॉलर काढली. ती 40 मिमी आत घुसलेली होती आणि दोन पाकळ्या नीट दुमडलेल्या नव्हत्या. कापून सपाट केल्यावर हवा वाढली, पण अजून पुरेशी नाही. उद्या व्हेन घालतो. 600 रुंदीला पात्यांमध्ये अंतर किती ठेवू?