विंडोज परत टाकलं, पण जुना विंडोज डॉट ओल्ड फोल्डर डिलीटच होत नाही

नवखा_वापरकर्ता
लॅपटॉप फारच स्लो झाला होता म्हणून पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ परत टाकलं, पार्टिशन फॉरमॅट केलं नाही कारण त्यात फोटो आणि कामाच्या फाइल्स होत्या. आता सगळं नीट चालतंय पण सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड म्हणून फोल्डर आहे, ३० जीबीच्या आसपास, आणि ड्राइव्ह लाल झालाय. डिलीट करायला गेलं की ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी घ्या असं येतं, अरे पण मी ॲडमिनच आहे ना! एका व्हिडिओत फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यायची कमांड दाखवलीय, ती चालवू का? आणि हिडन फाइल्स चालू केल्या तर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे अजून काही फोल्डर दिसतात, तेही जुनेच असतील तर एकदम उडवून टाकतो.

डिस्कवाला
थांबा, ती कमांड नको. ट्रस्टेड इन्स्टॉलर म्हणजे विंडोजचं स्वतःचं आतलं खातं, सिस्टिमच्या फाइल्सची मालकी त्याच्याकडे असते. त्या फोल्डरच्या आत युजर्समध्ये काही जुने शॉर्टकटसारखे दुवे असतात, त्यांना जंक्शन म्हणतात, आणि त्यांच्यात पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, म्हणजे सी ड्राइव्ह, मग युजर्स, मग तुमचं नाव. नव्या विंडोजमध्ये तुम्ही तेच युजरनेम ठेवलं असेल तर तो दुवा आता जुन्या फोल्डरकडे जात नाही, तुमच्या चालू फोल्डरकडे जातो. परवानग्या बदलणारी कमांड सगळ्या सबफोल्डरला लावली की ती त्या वाटेने चालू फाइल्सपर्यंत पोचू शकते, मग चांगलं चाललेलं विंडोज उगाच बिघडतं.

सरळ रस्ता आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन अशी ओळ दिसेल, तिला टिक करा आणि काढा. किंवा डिस्क क्लीनअप उघडून क्लीन अप सिस्टिम फाइल्स दाबा, ते दाबल्याशिवाय ही ओळ दिसत नाही, बरेच जण इथेच अडकतात. आणि एक कळकळीने सांगतो, टेम्पररी फाइल्सच्या त्याच यादीत डाउनलोड्ससुद्धा असतं. त्याची टिक काढलेली आहे ना ते बघूनच पुढे जा, तो कचरा नाही, तुमचा स्वतःचा डाउनलोड फोल्डर आहे.

डॉलरवाल्यांचं म्हणाल तर सरसकट उडवू नका. विंडोज बीटी किंवा डब्ल्यूएस असं नाव असेल तर त्या सेटअपच्या फाइल्स, त्या ह्याच क्लीनअपमधून जातात. पण डॉलर रिसायकल बिन हा तुमचा चालू रिसायकल बिन आहे, त्याला हात लावायचं कारणच नाही.

जपून_ठेवा
वरचं सगळं बरोबर पण त्याच्या आधीचं काम कोणी सांगितलं नाही. फॉरमॅट केलं नव्हतं म्हणजे तुमचे फोटो आणि फाइल्स आता त्याच विंडोज डॉट ओल्डच्या युजर्समध्ये असणार! डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स एकेक उघडून बघा आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग लपलेला ॲपडेटा फोल्डर, प्रोग्रॅम्सचा तुमचा डेटा आणि सेटिंग्ज त्यात असतात. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलला की बुकमार्क आणि पासवर्ड दोन्ही येतात, क्रोमचे बुकमार्क येतील पण त्यात सेव्ह केलेले पासवर्ड जुन्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने बंद असतात, नुसती फाइल कॉपी करून ते उघडत नाहीत, तेव्हा क्रोमचं सिंक, म्हणजे गूगल अकाउंटवर प्रत ठेवणं, चालू होतं का ते आधी तपासा. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल्स खरंच उघडून बघा, नाव दिसलं म्हणजे फाइल शाबूत असं नसतं.

अपग्रेड केलेलं असेल तर हा फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकतं, त्यामुळे नंतर बघू म्हणून ठेवू नका, आजच कॉपी करा.

दुसरी_डिस्क
ह्यातच विचारतो, माझं थोडं वेगळं आहे. नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडलेली होती. आता तिच्यावर जुना विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स वगैरे पडलंय आणि चालू करताना दोन विंडोज दाखवून कुठलं पाहिजे विचारतं. डेटा काढून घेतलाय, जुनी डिस्क फॉरमॅट करू?

डिस्कवाला
लगेच नाही. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉल केलं की सेटअप बऱ्याचदा बूटच्या फाइल्स जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (बूटच्या फाइल्ससाठी राखलेला छोटा भाग) टाकतो, नवीन विंडोज एसएसडीवर आणि त्याला सुरू करणारा भाग जुन्या डिस्कवर. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ईएफआय सिस्टिम पार्टिशन लिहिलेला छोटा तुकडा कुठल्या डिस्कवर आहे बघा, साधारण १०० एमबीचा असतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे मशीन पूर्ण बंद करून जुनी डिस्क काढा आणि चालू करून बघा. चालू झालं तर जुनी बिनधास्त फॉरमॅट करा आणि एमएसकॉन्फिग (विंडोजमधलंच सुरुवातीच्या सेटिंग्जचं टूल) उघडून त्याच्या बूट टॅबमधून जुन्या विंडोजची ओळ डिलीट करा, करंट ओएस लिहिलेली सोडून. चालू नाही झालं तर डिस्क परत लावा, काही बिघडत नाही, पण मग एसएसडीवर वेगळं ईएफआय पार्टिशन करावं लागेल, किंवा फक्त एसएसडी जोडून परत इन्स्टॉल, आणि नवीनच टाकलेलं असेल तर हेच सोपं पडतं.

नवखा_वापरकर्ता
फोटो सगळे मिळाले, युजर्समध्येच होते, कॉपी करून उघडून बघितले. डाउनलोड्सची टिक काढून क्लीनअप केलं, फोल्डर गेला. आता विंडोजच्या आत विनएसएक्सएस नावाचा मोठा फोल्डर दिसतोय, तो पण जुना का?

डिस्कवाला
नाही, तो चालू विंडोजचाच आहे. त्यातल्या बऱ्याच फाइल्स सिस्टिमच्या बाकी फोल्डरमध्येही त्याच दिसतात, जागा एकदाच घेतात पण मोजताना दोनदा धरल्या जातात, म्हणून आकडा फुगतो. हाताने काही काढू नका, डिस्क क्लीनअपमध्ये विंडोज अपडेट क्लीनअप आहे त्यानेच होईल तेवढं कमी करा. विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरलाही हात लावू नका, नाहीतर नंतर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल किंवा अपडेट होताना अडून बसतं.