व्हर्जिनियात पोलिसानं गाडी थांबवली तर: तोंड बंद की सगळं खरं सांगायचं?

डोंगरवाट:
माझ्या मामेभावाला अमेरिकेत, व्हर्जिनियात इंटरस्टेट ९५ हायवेवर ट्रूपरनं, म्हणजे राज्य पोलिसानं थांबवलं. मर्यादा ताशी ७० मैल, हा ८८ वर. "का थांबवलं माहितेय?" असं विचारताच यानं सांगून टाकलं की नव्वदच्या आसपास असेन, उशीर झालाय. सही केली, घरी आला आणि ऑनलाइन दंड भरायची सोय शोधत बसला. ती सापडणारच नव्हती, कारण ते साधं तिकीट नव्हतं, कोर्टाचं समन्स होतं.

व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गेलात किंवा मर्यादेहून २० मैल जास्त गेलात, तर 'रेकलेस ड्रायव्हिंग', म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं, लागू शकतं. हा राज्याचा फौजदारी गुन्हा आहे, पहिल्या वर्गाचा मिस्डिमीनर (तुलनेनं कमी गंभीर गुन्ह्यांचा प्रकार): १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड, शिवाय लायसन्सही निलंबित होऊ शकतं. जुलै २०२० पर्यंत तर ८० च्या वर गेलं तरी पुरे होतं. आताच्या ८५ च्या नियमानंही ७० च्या रस्त्यावर १६ मैल जास्त गेलात तरी तुम्ही आरोपी.

माझं स्पष्ट मत आहे की आपली माणसं रस्त्याच्या कडेला फार बोलतात. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्यावं. "कुठून आलात, किती वेगात होतात" याला नम्रपणे "मला उत्तर द्यायचं नाही" एवढंच म्हणावं. डिकी उघडू का असं विचारलं तर "माझी संमती नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगावं. तुम्ही नकार देऊ शकता, हे पोलिसानं तुम्हाला सांगायलाच हवं असं बंधन नाही. १९७३ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. आणि हे हक्क फक्त नागरिकांचे नाहीत, व्हिसावर आलेल्यांचेही आहेत.

रिचमंडकर:
अजिबात पटलं नाही. कागदावर सगळं बरोबर आहे, पण रात्री अकराला, हायवेच्या कडेला, डोळ्यांवर टॉर्च असताना "उत्तर द्यायचं नाही" म्हणणारा माणूस त्या पोलिसाला कसा दिसतो? रडारवर ८८ आलेलंच आहे. तुम्ही गप्प बसून ते ७५ होत नाही. उलट नीट बोललात तर ट्रूपर आकडा कमी लिहू शकतो, नुसती ताकीद देऊनही सोडू शकतो. तो अधिकार त्याच्या हातात आहे. माझ्या ओळखीत असं झालेलं आहे. हक्क कोर्टात वापरा, रस्त्यावर घरी सुखरूप जायचं बघा.

डोंगरवाट:
कोर्टात वापरायला काही शिल्लक राहिलं पाहिजे ना! रडारची तपासणी वेळेवर झाली होती का, हे वकील विचारू शकतो. पण "नव्वद असेन" हे तुमच्याच तोंडचं वाक्य पोलिसाच्या नोंदीत असेल, तर त्या प्रश्नाला किती अर्थ उरतो? आणि "हक्क वाचून दाखवले नाहीत, म्हणून केस उडेल" हा समज डोक्यातून काढा. साध्या ट्रॅफिक स्टॉपला अटक धरत नाहीत, त्यामुळे तिथं मिरांडा, म्हणजे गप्प राहण्याचे आणि वकिलाचे हक्क, वाचून दाखवणं बंधनकारक नाही. हा निकाल १९८४ चा.

मीनल_एनजे:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. आपल्याकडे पोलिसानं हात केला की उतरून त्याच्याकडे चालत जायची सवय असते. इथं ते करू नका. गाडीतच बसा, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद काढायच्या आधी सांगा. मात्र त्यानं "बाहेर या" म्हटलं तर यावंच लागतं. १९७७ च्या निकालानं त्याला तो अधिकार दिलाय, तिथं वाद घालू नये. "इथंच मिटवून टाकू" हे तर चुकूनही म्हणू नका. वेगाची केस बाजूला राहील आणि लाच देऊ केल्याची त्याहून कितीतरी गंभीर केस गळ्यात पडेल.

सुमती_ओक:
मला या सगळ्या चर्चेचा त्रास होतोय. ८८ ला गाडी चालवली हे खरं आहे ना? मग केलं ते कबूल करण्यात काय चूक आहे? कोणाची तरी मुलं त्याच रस्त्यावर होती. तरुण पोरांना आपण सुटायच्या वाटा शिकवतोय.

डोंगरवाट:
सुमतीताई, चूक झाली हे मलाही मान्य आहे आणि त्याला मी चांगलंच सुनावलंय. पण वेगाच्या चुकीला दंड असावा, आयुष्यभराची गुन्हेगारी नोंद नसावी. दुसऱ्या कित्येक राज्यांत एवढ्या वेगाला दंड आणि लायसन्सवरच्या दोष-पॉइंटांवर विषय संपतो. शिक्षा किती व्हावी हे न्यायाधीशानं सगळं ऐकून ठरवावं. घाबरलेल्या पोरानं दोन मिनिटांत काय म्हटलं, त्यावरून ते ठरू नये.

व्हिसावाला:
मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, म्हणून विचारतो. यानं व्हिसा जातो का?

मीनल_एनजे:
एकट्या वेगाच्या केसमुळे सहसा नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची गोष्ट वेगळी. २०१५ पासून नुसत्या अटकेवरूनही दूतावास व्हिसा रद्द करू शकतो, दोष सिद्ध व्हायची वाट बघत नाही. लगेच देश सोडावा लागतो असं नाही, पण भारतात गेलात की पासपोर्टवरच्या नव्या व्हिसा-स्टॅम्पसाठी परत सगळ्या दिव्यातून जावं लागतं. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा 'गुन्हा' नसून ट्रॅफिकचा कसूर आहे, म्हणून इथले आपले लोक निर्धास्त असतात. दूतावास ते बघत नाही. व्हिसाच्या आणि ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये अटक आणि गुन्ह्यांबद्दल थेट प्रश्न असतात, तिथं खोटं लिहिणं सगळ्यात महाग पडतं. फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत "मी नागरिक नाही" हे सांगा. गुन्हा कबूल केल्यानं देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल, तर तो सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय.

रिचमंडकर:
हे मात्र पटलं. तरी रस्त्यावरच्या गप्प बसण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. झडतीला नाही म्हणा, तिथं मी तुमच्या बाजूचा आहे. तिकीट लिहून झाल्यावर अमली पदार्थ हुंगणारा पोलिसांचा कुत्रा येईपर्यंत विनाकारण थांबवून ठेवता येत नाही, हेही २०१५ च्या निकालापासून ठरलेलं आहे. पण "सॉरी ऑफिसर" म्हणायला काय जातं?

डोंगरवाट:
नुसतं "सॉरी" ठीक आहे. त्यापुढे आकडा आणि कारण जोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

रिचमंडकर:
बरं, भावाची कोर्टाची तारीख कुठल्या काउंटीत (जिल्ह्यात) आहे? तिथल्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील घ्या. गाडीचा स्पीडोमीटर तपासून त्याचा दाखला घ्या आणि ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा (सुरक्षित ड्रायव्हिंगचा) कोर्स तारखेआधीच करून टाका. पूर्वीची नोंद स्वच्छ असेल तर आरोप 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग' या सौम्य कसुरावर आणून देतात कधीकधी. त्यात ५०० डॉलरपर्यंत दंड असतो, पण तो फौजदारी गुन्हा नाही.

सुमती_ओक:
कोर्स मात्र मनापासून करायला सांगा त्याला.