काउफमान म्हणजे फक्त आकाशवाणीची धून का?

रेडिओवेडा:
आजोबा पहाटे व्हॉल्व्हचा रेडिओ लावून ठेवायचे, तो तापेपर्यंत चहाचं आधण उकळायचं आणि मग तंबोऱ्यावर ती व्हायोलिनची धून. ती बांधणारे वॉल्टर काउफमान, १९०७ साली कार्ल्सबादला (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मलेले ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आले आणि १९४६ पर्यंत राहिले. इथे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली (चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं पाश्चात्त्य संगीत), तिथे मेहली मेहतांचं व्हायोलिन आणि स्वतः पियानोवर. आणि आपल्याला आठवतात ती काही सेकंदं. अन्याय आहे राव.

कोमलगंधार:
अन्याय कसला? करोडो लोकांच्या कानात बसलेली धून, अजून काय पाहिजे? श्रेयाबद्दलही वाद आहेतच, काही जण दुसरी नावं घेतात. आणि काउफमानचं १९६८ चं ते उत्तर हिंदुस्थानी रागांवरचं पुस्तक, राग स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्यांच्या पाच रेघांच्या लिपीत! मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठे लिहिणार, त्या धुनेच्या शिवरंजनी रागातला कोमल गंधार काय पियानोच्या पट्टीवर मिळतो?

रेडिओवेडा:
मग भातखंड्यांच्या स्वरलिपीत तरी सगळी मींड कुठे मावते, त्यांनाही लोकांनी बोल लावलेच की. या माणसाला आपलं गाणं सुरुवातीला पार परकं वाटलं होतं, स्वतःच लिहून ठेवलंय, तरी सोडलं नाही, बसून शिकला.

वरणभात_टोरांटो:
माझं मत वेगळं. "नाझींपासून वाचला, भारताने आसरा दिला" एवढीच गोष्ट सांगतात सगळे, त्यात माणूस हरवतो. प्रागमध्ये प्रबंध लिहून झाला आणि मार्गदर्शक नाझी बाजूचा निघाला म्हणून डॉक्टरेटच घेतली नाही, हा खमकेपणा आधी बघा ना. नंतर कॅनडात विनिपेगचा ऑर्केस्ट्रा चालवला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. इथल्या, टोरांटोच्या, एआरसी एन्सेम्बल या वादकसंचाने २०२० मध्ये त्यांच्या चेंबर रचनांचा अल्बम काढलाय, आधी तो ऐका मग भांडा.

कोमलगंधार:
भावनेला हात घालू नका, खमका होता म्हणून संगीत आपोआप चांगलं ठरत नाही. पन्नास-साठ वर्षं कोणी वाजवलं नाही त्याला काही कारण असेल की.

रेडिओवेडा:
कारण साधं आहे हो, बर्लिनमध्ये शिकलेला माणूस मुंबईत जाऊन लिहितोय, तिकडच्यांना तो लांबचा, इकडच्यांना ते चेंबर म्युझिक. दोन्हीकडे पाहुणाच.

कोमलगंधार:
बरं, काल रात्री हेडफोन लावून त्या अल्बममधलं अकरावं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) ऐकलं. दोनदा. वाईट नाही, मान्य. शिवरंजनीचं नोटेशन मात्र अजून पटलेलं नाही.