मदत हवी आहे: समूहनृत्यात 'कॅनन' केला की चुकल्यासारखं का दिसतं?

हळदओली
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. आमच्या सोसायटीतल्या नऊ जणी गणपतीसाठी हळदीवर नाच बसवतोय. विषय घरचाच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्यातल्या दोघींचं माहेर हरिपूरचं, जिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. गाणं नाही, नुसती ढोलकी आणि झांज, केरवा तालाच्या आठ मात्रा (ठोके). वेळ चार मिनिटं. वयं २७ ते ५८. एका काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणजे बसणं आणि उड्या बाद.

मी चार वर्षं कथक शिकून सोडलं, त्या भांडवलावर हे धाडस. हालचाली चारच सुचल्या: खणणं, हळकुंडं मोडणं, काहिलीत (मोठ्या कढईत) ढवळणं, वाळवणावर पसरणं. सव्वा मिनिटात संपल्या. मग पुन्हा त्याच, सगळ्या एकदम. नवरा म्हणाला, "२६ जानेवारीची कवायत छान बसलीय."

कुठेतरी वाचून कॅनन करून पाहिला, म्हणजे तीच हालचाल एकीमागून एकीने. व्हिडिओ बघितला तर एकीला नाच येतोय आणि आठ जणी चुकतायत! हे मुद्दाम केलंय हे बघणाऱ्याला कसं कळणार? आणि नवीन स्टेप न घालता चार मिनिटं निघतील का? हाताशी पाच आठवडे आहेत.

तिहाई
दोघींमध्ये अंतर किती मात्रांचं ठेवलंय?

हळदओली
एका मात्रेचं. हालचाल आठ मात्रांची आहे.

तिहाई
मग घोळ तिथेच आहे. एका मात्रेत पहिलीचा हात जेमतेम उठतो तोवर दुसरी सुरू, त्यामुळे ती मागे पडल्यासारखी वाटते. अंतर दोन मात्रांचं करा. नववी सोळा मात्रांनी सुरू होईल आणि चोवीस मात्रांत, म्हणजे बरोबर तीन आवर्तनांत (आठ मात्रांचा एक फेरा म्हणजे आवर्तन), सगळं संपेल. जिचं झालं तिने शेवटच्या मुद्रेत गप्प थांबायचं, चुळबुळ नको. तेही जड गेलं तर तिघी-तिघींचे गट करा आणि चार मात्रांचं अंतर ठेवा. दोन आवर्तनांत काम होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅननआधी तीच हालचाल दोनदा सगळ्यांनी एकत्र करा. बघणाऱ्याला ती ओळखीची झाली की मगच फोडा. मुळात काय फुटलं हेच माहीत नसेल तर त्याला फक्त गोंधळ दिसतो. आणि कॅननला 'मोडणं' घेऊ नका, बोटांचं बारीक काम तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचत नाही. 'पसरणं' घ्या, हात पार उघडतात.

जुना_लेझीमवाला
चार हालचाली भरपूर झाल्या हो ताई. 'ढवळणं' आधी ठाय (संथ) लयीत अख्ख्या अंगाने करा, मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, नुसत्या मनगटाने. 'खणणं' प्रेक्षकांकडे पाठ करून करून बघा. आणि 'पसरणं' शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं केलं की आपोआप 'गोळा करणं' होतं! वळीव आला म्हणून वाळवण उचलायची धांदल, प्रसंगच मिळाला की तुम्हाला. काकूंना मध्ये उभं करून ढवळायला लावा आणि बाकी आठ जणी भोवती फिरू देत. काकूच काहील. गुडघ्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

अजून एक, साठवत जाणं: आधी पहिली हालचाल, मग पहिली-दुसरी, मग पहिली-दुसरी-तिसरी. ट्रिशा ब्राउन या अमेरिकन नर्तकीने १९७१ साली याच तत्त्वावर अख्खं नृत्य रचलं होतं. तुमच्या चारांची बेरीज एक, दोन, तीन, चार मिळून दहा आवर्तनं. आवर्तन पाच सेकंदांचं धरलं तर पन्नास सेकंद तिथेच गेली.

वेण्णाकाठ
सगळं एकदम घालू नका एवढंच सांगेन. आम्ही साताऱ्यात भोंडल्याच्या नाचात कॅनन, उलट, दुगुन, आरसा असं सगळं कोंबलं. आम्हाला फार आवडलं. बघणाऱ्या बायका आपापसात गप्पा मारत होत्या. दोन-तीन युक्त्या निवडा आणि मध्ये एक आवर्तन सगळ्या स्तब्ध राहा, नुसती ढोलकी वाजू दे.

हळदओली
सगळ्यांचे आभार! काल गच्चीवर तालीम केली. उलटं पसरणं इतकं जमलं की हरिपूरच्या दोघी "घ्या गं घ्या, भिजली हळद" म्हणून खरंच ओरडायला लागल्या. ते ओरडणं तसंच ठेवतेय. काकू काहील व्हायला एका पायावर तयार आहेत (ऑपरेशन न झालेल्या).

कॅनन मात्र सहावीपर्यंत नीट जातो, पुढच्या तिघी घसरतात. तिरकी रांग आहे, सुरुवात पुढून. प्रत्येक जण समोरचीला बघून सुरू करते, तिला अर्धी मात्रा उशीर झाला की तो उशीर पुढे पुढे वाढत जातो.

तिहाई
बघून करायचंच नाही, ढोलकीवर मोजायचं. सुरुवात सगळ्यांत मागच्या बाईपासून करा. पुढच्यांना मागचं काही दिसणारच नाही, झक मारत मात्रा मोजतील.